एकाच खडकावर हजारो संसार

मे २०२१. कॅलिफोर्नियातल्या बोल्सा चिका या खाडीकाठच्या राखीव क्षेत्रात एलिगंट टर्न जातीच्या सुरय पक्ष्यांची वीण ऐन भरात होती. उघड्या वाळूवर, शेजाऱ्याची चोच जेमतेम पोहोचणार नाही इतकं अंतर राखून, दोन-तीन हजार पक्षी बसले होते. तिथे ड्रोन उडवायला बंदी होती. तरीही कुणीतरी उडवला आणि तो नेमका वसाहतीत कोसळला. माणसासाठी ते बंद पडलेलं खेळणं. पक्ष्यांसाठी मात्र आभाळातून झेपावलेला शिकारी. सगळा थवा एकदम उठला आणि परत आला नाही. सुमारे १५०० अंडी वाळूवर तशीच पडून राहिली.

एका यंत्राच्या पडण्याने दीड हजार अंडी वाया कशी जातात? पक्षी घाबरून उडाले हे समजतं. पण ते परत का आले नाहीत? बुलबुलासारखा पक्षी दचकून उडाला तरी बहुतेक वेळा थोड्या वेळाने घरट्याकडे येतो. मग या सुरयांना आपल्या अंड्यांची माया नव्हती का? होती. त्यांच्या वागण्यामागे एक पक्का हिशोब आहे आणि तो समजला की थव्याने वीण करणाऱ्या पक्ष्यांना वाचवायचं कसं, हेही बरंचसं समजतं.

समुद्रावर जगणाऱ्या पक्ष्यांच्या जगात साधारण ३५० जाती आहेत. अल्बाट्रॉस, पेट्रेल, पेंग्विन, गॅनेट, पफिन, कुरव, सुरय ही त्यांतली काही घराणी. यांतल्या जवळपास ९५ टक्के जाती वसाहत करून वीण करतात. सगळ्या पक्षीजगतात हे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास आहे. दलदली, तळी आणि खाड्यांच्या काठाने जगणाऱ्यांतही बगळे, शराटी, चमचे, करकोचे, पाणकावळे, पेलिकन, रोहित (फ्लेमिंगो) हे सगळे थव्याने वीण करणारे. बगळ्या-करकोच्यांनी भरलेल्या झाडांना मराठीत सारंगागार असा फार सुंदर शब्द आहे. एरवी हाच बगळा मासे धरायच्या जागेवरून दुसऱ्या बगळ्याला हुसकावून लावतो. विणीच्या दिवसांत मात्र तो त्याच शेजाऱ्याच्या मानेच्या अंतरावर संसार थाटतो.

गर्दी कशासाठी?

पहिलं कारण जमिनीचं. समुद्रपक्षी महिनोन्‌महिने पाण्यावर काढू शकतो, खाऊ शकतो, झोपू शकतो. अंडं मात्र पाण्यावर घालता येत नाही. जमिनीवर आला की तो अगदी उघडा पडतो. पोहण्यासाठी पाय शरीराच्या मागच्या बाजूला सरकलेले असतात, त्यामुळे कित्येकांना धड चालताही येत नाही. कोल्हा, मांजर, उंदीर, साप यांच्यापुढे त्याचा टिकाव लागत नाही. म्हणून हे प्राणी पोहोचू शकणार नाहीत अशी जागा लागते: दूरचं बेट, उभा कडा, पाण्याने वेढलेला वाळूचा दांडा. अफाट समुद्रात अशा जागा मोजक्याच. मग जो तो तिथेच येतो.

बगळे आणि करकोचे हेच पाण्यात उभ्या असलेल्या झाडांवर साधतात. फ्लोरिडाच्या दलदलीत तर ते मगरीच्या कुळातल्या अ‍ॅलिगेटरांच्या डोहावर घरटी बांधतात. झाडावर चढून अंडी खाणाऱ्या रकूनला खालचं पाणी ओलांडायची हिंमत होत नाही. या राखणीचा मोबदलाही चुकता होतो. घरट्यातून पडलेली, भावंडांनी ढकललेली पिल्लं अ‍ॅलिगेटरांच्या तोंडी जातात. सारंगागाराखाली राहणारे अ‍ॅलिगेटर इतरांपेक्षा धष्टपुष्ट असतात, असं मोजमापात दिसलं आहे.

दुसरं कारण संख्येचं. समजा एक कुरव रोज ५० अंडी पळवतो. वसाहतीत १०० अंडी असतील तर दोन दिवसांत सगळं संपलं. तिथेच १०,००० असतील तर महिनाभरात १५०० जातील आणि साडेआठ हजार राहतील. म्हणजे प्रत्येक जोडीचा धोका शेजाऱ्यांमध्ये वाटला जातो. सगळ्यांनी एकाच वेळी अंडी घातली तर हा फायदा आणखी वाढतो, कारण शिकाऱ्याला खाऊन खाऊन किती खाता येईल यालाही मर्यादा असते. फ्रेझर डार्लिंग या अभ्यासकाने १९३८ मध्ये मांडलं की मोठ्या वसाहतीत पक्षी एकमेकांकडे पाहून उत्तेजित होतात आणि त्यामुळे वीण एकाच सुमारास सुरू होते. गर्दी ही अशी पंचांगाचंही काम करते. उलट वसाहत फार लहान झाली की हे संरक्षण राहत नाही. उरलेल्या मोजक्या जोड्यांची अंडी शिकारी दरवर्षी फस्त करतात आणि घसरण आपोआप वेग घेते. हा मुद्दा लक्षात ठेवावा, तो पुढे कामाला येणार आहे.

तिसरं कारण बातमीचं. मासळीचे थवे आज इथे तर उद्या तिथे असतात. पीटर वॉर्ड आणि अमोत्झ झहावी यांनी १९७३ मध्ये अशी कल्पना मांडली की वसाहत हा बातम्यांचा अड्डा आहे. पोट भरून आलेल्या शेजाऱ्याच्या मागे गेलं की खाणं सापडतं. यावर अभ्यासकांत बराच वाद झाला, पण पेरूच्या किनाऱ्यावरच्या ग्वाने पाणकावळ्यांत या कल्पनेचा एक देखणा पुरावा मिळाला. हे पक्षी बेटाजवळच्या पाण्यावर मोठा जथा करून तरंगतात. मासळी जिकडे लागली तिकडून परतणाऱ्या पक्ष्यांच्या रांगेप्रमाणे हा जथा आपली जागा सरकवत राहतो. बेटावरून निघालेला प्रत्येक पक्षी आधी या जथ्यात उतरतो आणि मग योग्य दिशा धरतो. हजारो पक्ष्यांनी मिळून बनलेलं हे जिवंत होकायंत्रच.

गर्दीची किंमतही द्यावी लागते. गोचिडी आणि रोग फैलावतात, भांडणं होतात, घरट्यातल्या काटक्या चोरीला जातात. सर्वांत मोठी किंमत मासळीची. फिलिप अ‍ॅशमोल यांनी १९६३ मध्ये असा अंदाज केला की मोठ्या वसाहतीतले पक्षी आजूबाजूचा समुद्र इतका उपसतात की बेटाभोवती मासळी विरळ झालेलं एक वर्तुळ तयार होतं. अटलांटिकमधल्या असेन्शन बेटाभोवती २०२१ मध्ये ते प्रत्यक्ष दाखवता आलं. बेटापासून १५० किलोमीटरहून लांबपर्यंत पक्ष्यांचं खाद्य कमी झालेलं होतं. पक्ष्याला इतकं लांब जायचं, परत यायचं आणि तेवढ्या वेळात पिल्लाने उपाशी मरता कामा नये. या धावपळीला जिथे मर्यादा येते, तिथेच वसाहतीचा आकारही थांबतो.

अशा गर्दीत आपलं अंडं कोणतं हे कसं कळतं, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. गिलिमॉट या उत्तरेकडच्या समुद्रपक्ष्याचं उदाहरण घ्या. तो घरटं बांधतच नाही. कड्याच्या अरुंद कंगोऱ्यावर, एका चौरस मीटरमध्ये वीस-वीस जोड्या उभ्या असतात आणि प्रत्येकीचं एकेक अंडं उघड्या खडकावर असतं. प्रत्येक मादीच्या अंड्याचा रंग आणि त्यावरची नक्षी वेगळी. निळसर, हिरवं, पांढरं, ठिपक्यांचं, रेघोट्यांचं. आईबाप ती नक्षी ओळखतात. अंडं फुटायच्या आधीच आतलं पिल्लू आणि बाहेरचे आईबाप एकमेकांना आवाज देऊ लागतात, त्यामुळे बाहेर येईपर्यंत पिल्लाला त्यांचा आवाज ओळखीचा झालेला असतो. तीनेक आठवड्यांचं झालं की हे पिल्लू, पंख पुरते फुटलेले नसतानाच, कड्यावरून समुद्राकडे उडी घेतं. खाली बाप हाका मारत असतो. तो त्याला घेऊन खोल समुद्राकडे पोहत निघतो.

सावकाश जगणारे पक्षी

आता त्या सुरयांच्या हिशोबाकडे येऊ.

समुद्रपक्षी दीर्घायुषी असतात आणि पिल्लं फार थोडी वाढवतात. अल्बाट्रॉस एका विणीत एकच अंडं घालतो. भटका अल्बाट्रॉस वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपास पहिल्यांदा वीण करतो आणि पुढेही एक वर्ष सोडून एक वर्ष. पॅसिफिकमधल्या मिडवे बेटावर विस्डम नावाची लेसान अल्बाट्रॉस मादी आहे. तिच्या पायात १९५६ मध्ये ओळखीचं कडं घातलं, तेव्हा ती वीण करण्याच्या वयाची होती. २०२४ च्या अखेरीस तिने पुन्हा अंडं घातलं. म्हणजे किमान ७४ वर्षांची आई!

अशा पक्ष्याच्या आयुष्यात एका वर्षाची वीण बुडणं हे मोठं नुकसान नसतं. स्वतः जिवंत राहिला तर पुढे अनेक हंगाम आहेत. जागा धोक्याची वाटली की अंडी सोडून जीव वाचवायचा, हीच त्याच्या कुळाची लाखो वर्षांची रीत. बोल्सा चिकाच्या सुरयांनी तेच केलं. निसर्गात असा प्रसंग क्वचित येतो, म्हणून हा हिशोब आजवर जमत आला. दरवर्षी कुणीतरी ड्रोन उडवू लागलं, कुत्रं मोकळं सोडू लागलं, फोटोसाठी जवळ जाऊ लागलं, तर तो जमत नाही.

यातून आणखी एक फसगत होते आणि ती फार घातक आहे. प्रौढ पक्षी वर्षानुवर्षं जगत असल्यामुळे वसाहत भरलेली दिसते, आवाज तसाच असतो, पाहणारा खूश होऊन घरी जातो. पण पिल्लं उडत नसतील तर ती वसाहत आतून रिकामी होत असते. कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅनाकापा बेटावर १९७० मध्ये तपकिरी पेलिकनची ५५२ घरटी मोजली गेली. त्यांतून जगलं फक्त १ पिल्लू. डीडीटी हे कीटकनाशक माशांमधून पेलिकनच्या शरीरात गेलं होतं, त्यामुळे अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली होती की उबवायला बसलेल्या आईच्या वजनाखालीच ती फुटत. अमेरिकेने १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी घातली. पेलिकन हळूहळू सावरले आणि २००९ मध्ये तिथल्या संकटग्रस्त यादीतून बाहेर पडले. म्हणून वसाहत पाहताना पक्षी किती आहेत यापेक्षा पिल्लं किती उडाली हे विचारावं. माझ्या मते हाच खरा प्रश्न आहे आणि तोच सर्वांत कमी विचारला जातो.

दीर्घायुष्याची दुसरी बाजू म्हणजे प्रौढ पक्षी मेले तर भरपाईला दशकं लागतात. २०१४ ते २०१६ या काळात ईशान्य पॅसिफिकमध्ये समुद्राच्या उष्णतेची प्रचंड लाट आली. मासळीची साखळीच कोलमडली. अलास्कात सुमारे ४० लाख गिलिमॉट मेले, म्हणजे तिथले निम्मे. किनाऱ्याला लागलेली कलेवरं मोजली ती ६२,००० भरली. बाकीचे समुद्रातच गेले.

पाण्याचं गणित

समुद्रपक्ष्यांना बेट लागतं, तसं पाणथळीतल्या पक्ष्यांना पाणी लागतं. पण नुसतं पाणी असून भागत नाही. ते किती खोल आहे, किती दिवस टिकतं आणि कधी ओसरतं, यावर सगळं ठरतं.

फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्समधला वुड स्टॉर्क हा करकोचा मासे डोळ्यांनी शोधत नाही. गढूळ पाण्यात उघडी चोच बुडवून चालत राहतो आणि चोचीला मासा लागला की २५ मिलिसेकंदांत ती मिटते. ही पद्धत चालायची तर मासे दाटीने असावे लागतात. कोरड्या ऋतूत दलदल आटत जाते, मासे उरलेल्या डबक्यांत गोळा होतात आणि तोच त्याच्या विणीचा काळ. मधेच अवेळी पाऊस आला, पाणी चढलं, मासे पांगले की करकोचे पिल्लांसकट घरटी सोडतात. विसाव्या शतकात कालवे आणि बांध घालून या दलदलीचं पाणी वळवलं गेलं. काठचे उथळ भाग, जे सर्वांत आधी आटून लवकरचं खाणं पुरवत, ते कोरडे पडले. त्यामुळे करकोच्यांची वीण एक-दोन महिने उशिरा सुरू होऊ लागली. अंड्यापासून उडेपर्यंत पिल्लाला सुमारे ४ महिने लागतात. साहजिकच पिल्लं उडायच्या आधी पावसाळा गाठू लागला. झाडं होती, मासे होते, पक्षीही होते. चुकलं होतं ते फक्त वेळापत्रक.

ऑस्ट्रेलियातल्या शराटींची गरज नेमकी उलटी. मरे-डार्लिंग खोऱ्यात मोठा पूर आला की हे पक्षी कुठून कुठून गोळा होतात आणि पाण्यात बुडालेल्या वेली-झुडपांवर हजारोंनी घरटी घालतात. पिल्लं उडेपर्यंत घरट्यांखाली पाणी टिकायला हवं. ते एकदम उतरलं तर पक्ष्यांच्या लेखी खालची राखण उठली आणि संपूर्ण वसाहत ओस पडते. नद्यांवरची धरणं आणि शेतीसाठीचा उपसा यांमुळे पूर आता पूर्वीसारखा रेंगाळत नाही. २००८ मध्ये नरान सरोवरांवर शराटींची मोठी वीण अर्ध्यावर असताना पाणी उतरू लागलं, तेव्हा सरकारने वरच्या अंगाच्या पाणीहक्कधारकांकडून पाणी विकत घेऊन खाली सोडलं. पक्ष्यांच्या एका हंगामासाठी पाणी विकत घेतलं जातं, हे वाचलं तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. एरवी नदीच्या पाण्याच्या वाटणीत पक्ष्यांचं नाव कुठे असतं?

विष्ठेचं मोल

वसाहतीचा वास ज्याने घेतला आहे तो तो विसरत नाही. तो वास म्हणजे समुद्रातून जमिनीवर आलेलं नत्र आणि स्फुरद. पक्षी दूरवर मासे खातात आणि बेटावर येऊन शिटतात. म्हणजे समुद्राचं सत्त्व टिपून ते एका ठिपक्यावर ओततात. सारंगागारात या खताचा मारा इतका होतो की कधीकधी झाडंच वाळतात आणि पक्ष्यांना काही वर्षांनी दुसरी जागा शोधावी लागते.

पेरूच्या चिंचा बेटांवर पाऊस जवळजवळ पडतच नाही, त्यामुळे शतकानुशतकांची विष्ठा साचून तिथे डोंगर झाले होते. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेच्या शेतांना हा ग्वानो लागला आणि त्यासाठी जहाजांची रांग लागली. अमेरिकेने १८५६ मध्ये कायदा करून आपल्या नागरिकांना ग्वानो असलेल्या बेवारस बेटांवर हक्क सांगायची मुभा दिली. काही दशकांत डोंगर खरवडून संपले. पेरूने १९०९ मध्ये सरकारी कंपनी काढली, बेटांवर पहारे बसवले आणि पक्ष्यांना निवांत वीण करू देऊन साचेल तेवढंच खत काढायची पद्धत घातली.

हे खत समुद्रालाही परत मिळतं. हिंदी महासागरातल्या चागोस द्वीपसमूहात काही बेटांवर जहाजांतून आलेले उंदीर आहेत, काहींवर नाहीत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा सहा-सहा बेटांची तुलना केली. उंदीर नसलेल्या बेटांवर समुद्रपक्ष्यांची दाटी ७६० पट होती. आणि त्या बेटांभोवतीच्या प्रवाळांवर माशांचं एकूण वजन ४८ टक्क्यांनी जास्त भरलं. उंदराने अंडं खाल्लं आणि मासा कमी झाला, इतका लांबचा हा धागा.

उंदीर, गळ आणि ताप

बेटांवर पोहोचलेले उंदीर हे समुद्रपक्ष्यांचं बहुधा सर्वांत जुनं आणि सर्वांत दुर्लक्षित संकट. जहाजांबरोबर ते जगातल्या बहुतेक द्वीपसमूहांवर पोहोचले. दक्षिण अटलांटिकमधल्या गॉफ बेटावर घरात दिसतो तसा साधा छोटा उंदीरही रात्री ट्रिस्टन अल्बाट्रॉसच्या पिल्लांना जिवंत कुरतडतो. पिल्लू उंदरापेक्षा शेकडो पटींनी मोठं असतं. पण सस्तन शिकारी कधी पाहिलाच नाही अशा कुळात जन्मल्यामुळे ते नुसतं बसून राहतं. २०२१ मध्ये तिथले सगळे उंदीर संपवण्याची मोहीम झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस पुन्हा एक उंदीर दिसला. एकही शिल्लक राहून चालत नाही, म्हणून हे काम इतकं कठीण. पण ते अशक्य नाही. साउथ जॉर्जिया या मोठ्या बेटावर हेलिकॉप्टरांनी विषारी आमिष टाकून, १००० चौरस किलोमीटरहून अधिक भाग पिंजून काढला गेला आणि मे २०१८ मध्ये ते उंदीरमुक्त जाहीर झालं.

समुद्रात गळांची माळ आहे. लाँगलाईन म्हणजे किलोमीटरच्या किलोमीटर दोरी आणि तिला हजारो आमिषं लावलेले गळ. दोरी पाण्यात बुडण्याआधी पक्षी आमिषावर झडप घालतो, गळाला अडकतो आणि खाली खेचला जातो. २०११ च्या अंदाजाप्रमाणे वर्षाला किमान १,६०,००० पक्षी असे मरतात. यावरचा उपाय थक्क करणारा साधा आहे. बोटीच्या मागे रंगीत फिती लावलेली एक दोरी हवेत फडफडत ठेवायची, की पक्षी त्या पट्ट्यात येत नाहीत. ही युक्ती जपानी मच्छीमारांची. तिला तोरी लाईन म्हणतात, तोरी म्हणजे पक्षी. नामिबियात हे उपाय सक्तीचे केल्यावर हेक मासळीच्या लाँगलाईन बोटींवरचे पक्ष्यांचे मृत्यू ९८ टक्क्यांनी घटले.

मासळीचा प्रश्न मात्र इतका सोपा नाही. २०११ मध्ये जगभरातल्या १४ जातींची माहिती एकत्र पाहून एक नियम सापडला. समुद्रातली लहान मासळी तिच्या कमाल साठ्याच्या एक तृतीयांशाखाली गेली की पक्ष्यांची वीण कोसळते. म्हणजे एक तृतीयांश पक्ष्यांसाठी सोडायला हवं. आकडा स्पष्ट आहे, पाळणं माणसांच्या हातात.

आणि ताप. २०२१ नंतर एच५एन१ या बर्ड फ्लूने वसाहतींना गाठलं. नेदरलँड्समध्ये सँडविच टर्न सुरय, स्कॉटलंडच्या बास रॉकवर गॅनेट, पेरूत हजारो पेलिकन मेले. ब्रिटनमधल्या मोठ्या स्कुआ या समुद्रपक्ष्यांची संख्या ७६ टक्क्यांनी घटली. ज्या दाटीने हजारो वर्षं शिकाऱ्यांपासून वाचवलं, तीच विषाणूला फावली. बास रॉकवर वाचलेल्या काही गॅनेटांचे फिकट निळे डोळे काळे झालेले दिसतात. ती या तापातून उठल्याची खूण.

टोप्यांवरचे पक्षी

या पक्ष्यांना वाचवण्याची चळवळ वसाहतीतूनच जन्मली. विणीच्या दिवसांत बगळ्यांच्या पाठीवर जाळीदार पिसं फुटतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोप-अमेरिकेत ती टोप्यांवर मिरवायची फॅशन आली. पिसं फक्त विणीतच येतात, म्हणून शिकारी सारंगागारातच जायचे. आईबाप मारले की घरट्यातली पिल्लंही उपाशी मरत. फ्रँक चॅपमन यांनी १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर ७०० टोप्या मोजल्या, त्यांतल्या ५४२ वर पक्ष्यांची पिसं होती.

याला विरोध केला तो बायकांनी. इंग्लंडमध्ये १८८९ मध्ये एमिली विल्यमसन यांनी आणि बोस्टनमध्ये १८९६ साली हॅरिएट हेमेनवे व मिना हॉल यांनी पिसं न वापरण्याची शपथ घेणाऱ्या बायकांच्या संघटना उभ्या केल्या. १४ मार्च १९०३ रोजी फ्लोरिडातलं पेलिकन आयलंड हे अमेरिकेच्या केंद्र सरकारचं पहिलं पक्षी राखीव क्षेत्र झालं. दोनच वर्षांनी, १९०५ मध्ये, फ्लोरिडातल्या वसाहतींचा रखवालदार गाय ब्रॅडली याला शिकाऱ्याने गोळी घातली.

जपानच्या तोरिशिमा बेटावर याच पिसांच्या धंद्याने आखूडशेपटी अल्बाट्रॉस लाखोंनी मारले. १९४९ मध्ये ते नामशेष झाले असंच मानलं गेलं. दोन वर्षांनी बेटावर दहाएक पक्षी सापडले. आज त्यांची संख्या हजारांत आहे.

रिकाम्या खडकावर परत

उंदीर गेले, शिकार थांबली, कायदा आला. तरी ओस पडलेली वसाहत आपोआप भरत नाही. समुद्रपक्षी जन्मगावाला फार धरून असतात. १९५२ मध्ये वेल्सच्या स्कोकहोम बेटावरचा शीअरवॉटर जातीचा एक समुद्रपक्षी विमानाने बोस्टनला नेऊन सोडला. ५००० किलोमीटर समुद्र ओलांडून साडेबारा दिवसांत तो आपल्या बिळात परतला. त्याला सोडल्याचं कळवणारं पत्र त्याच्यानंतर पोहोचलं. असे पक्षी नव्या जागेला सहजी भुलत नाहीत. आणि भुललेच, तर जिथे कुणीतरी आधीच राहतंय तिथे. रिकामी जागा त्यांच्या लेखी धोक्याची जागा, कारण मोजक्या जोड्यांना गर्दीचं संरक्षण मिळत नाही, हे आधी पाहिलंच.

स्टीफन क्रेस यांनी १९७३ पासून कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमधली पफिनची पिल्लं अमेरिकेच्या मेन राज्यातल्या ईस्टर्न एग रॉकवर आणून हातांनी वाढवली. तिथले पफिन शिकारीने जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच संपले होते. पिल्लं उडून समुद्रावर गेली. परत येईनात, तेव्हा १९७७ मध्ये खडकांवर लाकडी पफिन उभे केले. १९८१ मध्ये पहिल्या जोडीने तिथे पिल्लू वाढवलं. फ्रान्सच्या कामार्गमध्ये रोहितांसाठी १९७० साली तळ्यात मातीचं बेट बांधलं, त्यावर चिखलाची खोटी घरटीही केली, आणि १९७४ पासून पक्षी तिथे वीण करू लागले.

कॅलिफोर्नियातल्या डेव्हिल्स स्लाइड रॉकवर सुमारे ३००० गिलिमॉट होते. १९८६ मध्ये एका बार्जमधून, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नौकेतून, तेल सांडलं आणि खडक रिकामा झाला. दहा वर्षं एकही पक्षी तिथे विणीला बसला नाही. जानेवारी १९९६ मध्ये माणसं दोर लावून वर चढली. त्यांनी शेकडो लाकडी गिलिमॉट दाटीवाटीने चिकटवले, लाकडी अंडी ठेवली, आरसे बसवले म्हणजे उतरलेल्या पक्ष्याला शेजारी आपल्यासारखाच कुणीतरी हलताना दिसेल, आणि दिवसभर वसाहतीचा आवाज चालू ठेवला. दुसऱ्या दिवशीच खरे पक्षी उतरले. त्या हंगामात ६ जोड्यांनी लाकडी शेजाऱ्यांच्या मध्ये अंडी घातली. पुढे वसाहत वाढत गेली, तसे लाकडी पक्षी एकेक करून काढून घेतले.